धुरपदाबाईचा पाय, सुषमाचा हात

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या सोसायटीत धुरपदाबाईचा डावा पाय कुणीच पाहिलेला नव्हता. तो कसा असेल याबद्दल मात्र प्रत्येकीचं स्वतंत्र मत होतं. धुरपदाबाई साडी अशी नेसायची की डाव्या बाजूची किनार जमिनीवर लोळायची, आणि लोळून लोळून महिन्याभरात विरायची. घराघरात साड्यांचे गठ्ठे पडलेल्या या शहरात राहून तिच्याकडे धड किनारीची साडी एकही नव्हती. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "पाय शे तो. त्याले काय देखनं?" आणि समोरच्या बाईच्या सुनेची चौकशी सुरू करायची. मग ती बाई पाय विसरून जायची.

ती सुरतेला आली ती लग्न होऊन, पारोळ्याजवळच्या एका खेड्यातून. नवरा सुकदेव लिंबायतला लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, कामाला होता, आणि पाळी बहुतेक रात्रीची. खोलीच्या मागे उघडं गटार वाहायचं. त्या काळी हत्तीपायाचा रोग शोधायला सरकारी माणसं रात्रीच दारोदार फिरत, कारण त्याचे किडे रात्रीच रक्तात सापडतात. "दरवाजो खोलो, लोही तपासवानुं छे," असं म्हणत परके पुरुष दार वाजवायचे आणि नवी नवरी धुरपदा आतून कडी घालून, दिवा मालवून, श्वास धरून बसायची. माणूस घरात नसताना दार उघडायचं नाही, असं सासूने गावाहून निघताना बजावलं होतं. तिने ते इमानाने पाळलं. चाळीतल्या बाकी घरांत गोळ्या वाटल्या गेल्या. हिच्या घरचं दार बंदच राहिलं.

ललित पोटात असताना तिला थंडी वाजून ताप यायला लागला. मग पाऊल सुजलं, मग घोटा, आणि बघता बघता गुडघ्यापर्यंत सगळा पाय उखळीसारखा झाला. गल्लीतली पोरं 'हाथीपगावाळी' म्हणून ओरडायची. सुकदेवाने कुणाकुणाला विचारून एक डॉक्टर गाठला. त्याने जांघेत छोटीशी चीर देऊन तिथली गाठ शिरेला जोडली. पायात साठलेलं पाणी आता रक्तात निघून जाईल, म्हणाला. आणि खरंच, पाय उतरला. त्या दिवाळीला धुरपदाबाईने बऱ्याच वर्षांनी दोन्ही पायांत चपला घातल्या आणि उधन्याच्या बाजारात उगाचच दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवाळीपर्यंत जोडलेली वाट बुजली आणि पाय पुन्हा भरला, पहिल्यापेक्षा जास्त.

दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा ललित शाळेत जात होता. या वेळचा डॉक्टर दुसरा, आणि त्याचं म्हणणंही दुसरं. त्याने सगळी सुजलेली कातडी आणि खालचं मांस घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सोलून काढलं, आणि उजव्या मांडीची कातडी पातळ पापुद्र्यासारखी काढून तिथे चिकटवली. एक पाय बरा करायला दोन्ही पाय उघडे पडले. पट्टी बदलायच्या वेळी सुकदेव पोराला घेऊन नेमका वॉर्डात शिरला. ललितने आईकडे पाहिलं आणि दारातच ओकला. त्यानंतर तो आईला भेटायला आला नाही. खाली फाटकापाशी उभा राहायचा.

डॉक्टरांनी ऑपरेशन चांगलं झालं म्हणून सांगितलं. त्यांच्या हिशेबाने झालंही होतं. पाय बारीक झाला होता. नुसता बारीक नव्हे, नडगीला काठीसारखा झाला होता, आणि त्या काठीखाली पाऊल मात्र फुगलेलं, झाकणासारखं बसवलेलं. चिकटवलेल्या कातडीला बाभळीच्या सालीसारख्या भेगा पडत आणि भेगांतून पाणी झिरपे. महापुराच्या साली घरात पाणी शिरलं तेव्हा ती दोन दिवस त्या पाण्यात उभी राहिली, आणि नंतर महिनाभर तापाने फणफणली. त्यानंतर तिने ठरवून टाकलं की पाय आहे तसा आहे, त्याचं आणि आपलं जमतंय तेवढं जमवायचं. सुकदेव वारला तेव्हाही ती पाय झाकूनच बसली होती.

ललितचं लग्न झालं. सून सुषमा मलकापूरकडची. तिला अहिराणी येत नव्हती. पहिले काही महिने सासू बोलायची आणि सून "हो" म्हणायची, आणि मग नेमकी उलटी गोष्ट करायची. शेवटी धुरपदाबाईने हार मानली आणि सुनेशी मराठीत बोलायला लागली. मुलाशी अहिराणी, सुनेशी मराठी, आणि ललित फोनवर ठेकेदाराशी गुजराती, असं ते घर चालू झालं. ललित इच्छापोरच्या एका कारखान्यात ठेक्यावर होता. सुषमा घरी साड्यांवर स्टोन चिकटवायचं काम आणायची. मांडीवर साडी पसरून, डाव्या हाताने डिंकाची नळी दाबत, उजव्या हाताच्या बोटांनी खडे अशा झपाट्याने लावायची की धुरपदाबाई बघत बसे. "वं, तुझी बोटं आहेत का कोंबडीची चोच?" म्हणायची. सुषमा न बघता म्हणायची, "आत्या, चोच म्हणा, पण मध्ये चहा तरी टाका."

सुषमाला छातीत गाठ निघाली तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. गाठीसकट एका बाजूची छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या, केमो दिलं, शेक दिले. केस गेले, पुन्हा आले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर वर्षभराने एका संध्याकाळी सुषमा काम करता करता थांबली आणि ब्लाउजची उजवी बाही ओढून बघायला लागली.

"बाही उसवायला पाहिजे. आटली वाटतं धुऊन," ती म्हणाली.

धुरपदाबाईने तिचा हात आपल्या हातात घेतला, मनगटाच्या वर अंगठ्याने दाबला आणि सोडला. खळगा पडला. बराच वेळ भरून आला नाही. असे खळगे ती आयुष्यभर स्वतःच्या पायावर पाडून बघत आली होती. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"बाही नाही आटली, पोरी," ती म्हणाली.

महापालिकेच्या दवाखान्यात हत्तीपायाच्या पेशंटांना पाय धुवायला शिकवत. साबण कसा लावायचा, बोटांच्या बेचक्यात कसं कोरडं करायचं, असलं सगळं. धुरपदाबाई तिथे नियमाने जायची. एकदा तिथे एका मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण तपासायला आली. लहानखुरी, सुषमाच्याच वयाची, हिंदी-गुजराती मिसळून बोलणारी. धुरपदाबाईचा नंबर आला तेव्हा तिने पाय दाखवलाच नाही. सुषमाला पुढे ढकललं. "माझं राहू द्या. हिचा हात बघा."

डॉक्टरीणबाईने दोघींचंही बघितलं. धुरपदाबाईला पडद्याआड साडी वर करावीच लागली. पाय बघून डॉक्टरिणीने जांघेतल्या जुन्या व्रणावर बोट ठेवलं.

"बा, हे कधीचं?"

धुरपदाबाईने दोन्ही ऑपरेशनं सांगितली.

"तुमच्या पायावर तर आमचं सगळं पुस्तक लिहिलंय," ती म्हणाली. "फक्त पानं उलटी लागलीत. सोलून काढायची पद्धत जुनी, माझ्या आजोबांच्याही आधीची. गाठ शिरेला जोडणं नंतरचं. तुमचं नंतरचं आधी झालं आणि जुनं शेवटी."

मग तिने सुषमाला जवळ बसवलं आणि समजावून सांगितलं. अंगात रक्ताच्या शिरा असतात तशा पाण्याच्याही नळ्या असतात, केसाहून बारीक. काखेतल्या गाठी काढल्या तेव्हा त्यांची पुढची वाट तुटली, म्हणून पाणी हातात साठतंय. आता भिंगाखाली बघून यातल्या दोन-चार नळ्या बारीक शिरांना जोडता येतात. छोट्या चिरा, थोडे टाके, कापून काढायचं काही नाही. सूज पूर्ण जाईल असं ती म्हणाली नाही. पण हात इथेच थांबेल, बराचसा उतरेलही, असं म्हणाली.

"पण या नळ्या जिवंत आहेत तोवरच," ती पुढे म्हणाली. "एकदा त्या हातात ताप शिरला, लाली आली, की त्या आतून कडक होतात, बुजतात. मग जोडायला काही उरत नाही. या हाताला सुई नको, चटका नको, ओरखडा नको. बांगड्यासुद्धा नकोत. आणि नवऱ्याला घेऊन लवकर या."

धुरपदाबाई रिक्षात बसून घरी आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की सुषमाला हसू आलं. "आत्या, ऑपरेशन माझं आहे. तुम्ही का नटलात?"

"नटू दे वं. लई दिवसांनी डॉक्टरच्या तोंडून काही चांगलं ऐकलं."

ललितला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्याने घास हातातच ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

"अरे, ऐक तरी..."

"माय, तू नको सांगू. हात सुजलाय ना, सुजू दे. दुखत नाही, मरत नाही. कॅन्सर गेला. आता परत कापाकापी नको."

दोन दिवस तिने तऱ्हेतऱ्हेने सांगून पाहिलं. तो ऐकून घेई आणि मान हलवी. सुषमा मध्ये काही बोलत नसे. तिला करायचं होतं, पण नवऱ्याच्या मनाविरुद्ध टेबलावर जाऊन झोपायची तिची तयारी नव्हती. तिसऱ्या दिवशी, रविवारी, धुरपदाबाईच्या डोक्यात तो विचार आला. पोरगा घाबरतोय तो त्या वॉर्डातल्या पायाला. तो पाय त्याने लहानपणी अर्धा क्षण पाहिला आणि मग आयुष्यभर मनात मोठा केला. आता नीट बघू दे. कोणती चीर कुणाची, कोणती कातडी कुठली, हे बोट ठेवून सांगितलं की त्याला कळेल, तेव्हाचं वेगळं होतं आणि आताचं वेगळं आहे. विचार तिला इतका पटला की ती अंघोळ करून, पाय स्वच्छ धुऊन, पुसून तयार झाली.

"आठे ये. बठ," तिने ललितला हाक मारली. सुषमालाही बोलावलं. पलंगावर बसून तिने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पट्टी सोडली.

खोलीत दुपारचा उजेड होता. शेवटचा वेढा सुटला तसा पाय उघडा पडला: काठी झालेली नडगी, तिच्यावरचे ठिगळांसारखे चौकोन, भेगांत साचलेला पिवळसर ओलावा, खाली झाकणासारखं पाऊल.

"देख," धुरपदाबाई म्हणाली. "मना पाय देख. इथे जांघेत पहिलं. ते बरं होतं, फक्त टिकलं नाही. आणि हे," तिने नडगीवरून बोट फिरवलं, "हे सोललं होतं. सोलून वरून चिकटवलं. तेव्हा तेवढंच येत होतं रे त्यांना. हिचा हात कुणी सोलणार नाही. नळीला नळी जोडणार. एवढीशी चीर..."

ललित बघत नव्हता. तो भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे बघत होता.

"अरे, बघ ना इकडे."

"झाक ते, माय," तो म्हणाला. "पाया पडतो, झाक."

तो उठून बाहेर गेला. धुरपदाबाईने सुषमाकडे पाहिलं. ललितचं तिने गृहीत धरलं होतं; बाहेर जाईल, परत येईल, मग बोलू. सुषमाचा तिने विचारच केला नव्हता. सुषमाचे डोळे त्या पायावरून हलत नव्हते. तिने उजवा हात पोटाशी घट्ट धरला होता, जणू कुणी तो मागायला आलं होतं.

"पोरी..."

"आत्या, त्या डॉक्टरांनीपण तुम्हाला चांगलं होईल असंच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं, पण..."

"मग ही डॉक्टरीणपण तेच सांगतेय," सुषमा म्हणाली आणि आत निघून गेली.

धुरपदाबाई पट्टी हातात घेऊन तशीच बसून राहिली. इतक्या वर्षांत तिने तो पाय स्वतःहून कुणाला दाखवला तो हा एकदा. दाखवल्यावर तो नुसता पायच दिसला. डॉक्टरचं नवं-जुनं, आधी-नंतर, त्यातलं काही कुणाला दिसलं नाही.

त्यानंतर घरात ऑपरेशनचं नाव कुणी काढलं नाही. डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यातून फोन आला, तर ललितने "बादमें करेंगे" म्हणून सांगितलं. सुषमा सासूशी कामापुरतं बोलायची. मीठ संपलंय, गॅस आणायचाय. चेष्टा बंद झाली. संध्याकाळी धुरपदाबाई चहा टाकायची आणि तो तिच्यापुढे थंड व्हायचा. हात हळूहळू भरत होता. खडे चिकटवताना सुषमा आता मध्येमध्ये हात उशीवर ठेवून बसायची.

श्रावण आला. खानदेशातून आलेल्या माणसांची देवी कानबाई सुरतेत गावापेक्षा जोरात बसते. गोडादऱ्यात त्या दिवसांत रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. त्या वर्षी भाऊबंदांत कानबाई बसवायचा मान ललितच्या घराला आला. नारळाला नथ, मणी, हार घालून देवी सजवायची, रोटांच्या नैवेद्याचा स्वयंपाक, दुसऱ्या दिवशी मिरवत न्यायची. देवी डोक्यावर घ्यायची ती घरच्या सुवासिनीने. सुषमाने.

आदल्या दिवशी सोसायटीत कासारीण आली. ओट्यावर बायका जमल्या. धुरपदाबाईची मुलगी नूतन कामरेजहून आली होती. तिने दोन्ही हात भरून घेतले आणि वहिनीला ओढत आणलं. "वहिनी, चल. ओक्याबोक्या हाताने देवी घेशील का डोक्यावर?"

"डाव्या हातात भरते," सुषमा म्हणाली.

"एकाच हातात? कुणी बघितलं तर काय म्हणेल!"

कासारणीने सुषमाच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "त्यात काय, मोठं माप देते. साबण लावून घालते. दुखणार नाही बाई, माझ्या हाताने कितीतरी जाड हात भरले."

बायका हसल्या. सुषमाही हसली, आणि हसता हसताच तिने ओट्याच्या टोकाला बसलेल्या धुरपदाबाईकडे पाहिलं.

"आत्या, भरू का?"

रविवारच्या त्या दुपारनंतर तिने सासूला काही विचारलं ते हे पहिलंच. डोळ्यांत जुनी चेष्टा होती, थोडी लाज होती. छातीची एक बाजू गेलेली, केस आता कुठे मानेपर्यंत आलेले. एक दिवस सगळ्यांसारखं दिसावं एवढंच तिला हवं होतं, आणि ते धुरपदाबाईला स्वच्छ दिसत होतं. बांगड्यासुद्धा नकोत, हे डॉक्टरीणबाईचं बोलणंही तिला तितकंच स्वच्छ आठवत होतं. नाही म्हणावं तर पुन्हा आपणच, पुन्हा तो पाय मध्ये येणार. एवढ्या बायकांत, सणाच्या दिवशी, पोरीचं तोंड उतरणार.

"चारच भर," ती म्हणाली. जणू चारच म्हटलं की अर्धं 'नाही' म्हटल्यासारखं होतं.

कासारणीने अंगठा आत दुमडला, साबण लावला आणि हात दाबत दाबत हिरव्या बांगड्या चढवल्या. तीन गेल्या. चौथी अंगठ्याच्या मुळाशी अडली, कासारणीने जोर दिला, आणि ती तुटली. "वाढवली, वाढवली!" बायका म्हणाल्या, सुवासिनीची बांगडी फुटली म्हणत नाहीत. मनगटाच्या मागे बारीकसा ओरखडा उठला. रक्ताचा एक मणी आला. नूतनने पदराने टिपला आणि वर हळद दाबली.

दुसऱ्या दिवशी सुषमाने देवी डोक्यावर घेतली. गर्दीतून चालताना तिने उजवा हात वर धरला होता, बांगड्या चमकत होत्या, आणि ललितने वाजंत्रीच्या गाडीमागून तिचे फोटो काढले. धुरपदाबाई मिरवणुकीत फार लांब जाऊ शकली नाही. ओट्यावरून बघत होती. सुंदर दिसत होती पोरगी.

विसर्जन करून आल्यावर सुषमाला हुडहुडी भरली. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत लाल, तापलेल्या तव्यासारखा. बांगड्या आत रुतल्या होत्या. दवाखान्यात त्या कापून काढाव्या लागल्या. आठवडाभर सलाईन लागलं. ललित रजा टाकून पायथ्याशी बसून होता. धुरपदाबाई डबा घेऊन जायची आणि दारातूनच बघायची. "भर" कुणी म्हटलं, हे सुषमाने कुणालाच सांगितलं नाही. ललितने नूतनला शिव्या घातल्या, नूतनने कासारणीला. धुरपदाबाईला कुणी काही बोललं नाही. कुणीतरी बोलावं म्हणून ती वाट बघत राहिली.

ताप गेला तो पुन्हा यायला गेला. दिवाळीला आला, थंडीत आला. दर वेळी हात थोडा जास्त भरायचा आणि उतरताना थोडा कमी उतरायचा. आता दाबलं तरी खळगा पडत नव्हता. धुरपदाबाईने एकदा सुषमा झोपलेली असताना हळूच दाबून पाहिलं. आत घट्ट होतं, ओल्या लाकडासारखं. ते लाकूड तिच्या ओळखीचं होतं.

उन्हाळ्यात ललित स्वतःच म्हणाला, "माय, त्या डॉक्टरीणकडे जाऊ."

तिघं गेली. डॉक्टरीणबाईने उशीर का केला असं विचारलं नाही. तपासायला एवढी सुई लागतेच म्हणत तिने दोन्ही हातांच्या बोटांच्या बेचक्यात हिरव्या औषधाची बारीक सुई टोचली, अंधार केला आणि कॅमेरा आणला. धुरपदाबाईलाही आत बसू दिलं.

आधी डावा हात. पडद्यावर मनगटापासून वर चमकणाऱ्या रेघा निघाल्या, बारीक, सरळ, रात्री विमानातून रस्ते दिसावेत तशा. "ह्या नळ्या," डॉक्टरीण म्हणाली. "ह्या जोडतो आम्ही." मग कॅमेरा उजव्या हातावर आला. रेघ नव्हती. सगळीकडे नुसता धूर पसरल्यासारखा उजेड. तिने कॅमेरा मनगटावर नेला, कोपराच्या आत नेला, काखेपाशी नेला, पुन्हा खाली आणला. बराच वेळ शोधलं.

दिवा लावल्यावर ती खुर्ची ओढून सुषमासमोर बसली.

"जोडायला नळी मिळत नाही," ती म्हणाली. "मागच्या वर्षी मिळाली असती. आता दुसरा रस्ता आहे, पण तो मोठा आहे. काखेत होत्या तसल्या पोटातल्या गाठी रक्ताच्या शिरेसकट काढून मनगटापाशी लावायच्या. त्या जगल्या तर तिथे नवी वाट करतात. बऱ्याच तासांचं ऑपरेशन. गुण आला तर दिसायला वर्ष लागतं. काहींना येतो, काहींना नाही. खोटं सांगत नाही."

"करा," ललित म्हणाला. "मॅडम, जे असेल ते करा. उद्या करा."

"तुमचं ठीक आहे. यांना विचारा."

सुषमाने बाही खाली ओढायचा प्रयत्न केला. ती आता ओढली जात नव्हती. तिने मान वर करून धुरपदाबाईकडे पाहिलं.

"आत्या, तुम्ही सांगा."

धुरपदाबाईने तोंड उघडलं. मागच्या वर्षी तिच्याजवळ सांगायला इतकं होतं की पाय उघडा केला तरी संपलं नव्हतं. नवं चांगलं असतं, हे तिने पोटतिडकीने सांगितलं होतं. आता तिच्यासमोर ही त्याहून नवी गोष्ट होती, आणि तिला फक्त स्वतःची उजवी मांडी आठवत होती, जिची कातडी डाव्या पायासाठी काढली होती. इथलं काढून तिथे. तेव्हाही असंच म्हणाले होते, लागली तर लागली.

"मला कळत नाही, पोरी," ती म्हणाली. "खरंच कळत नाही."

ललित म्हणाला, "माय, आता तू असं म्हणतेस?"

"त्यांना नका बोलू," सुषमा म्हणाली. मग डॉक्टरीणबाईला हिंदीत सांगितलं, "सोचके बताती हूँ."

तिचा विचार अजून चालूच आहे; किती दिवस झाले ते घरात कुणी मोजलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. डॉक्टरीणबाईने तोवर रोज पट्टी बांधायला सांगितली होती, बोटांपासून काखेपर्यंत, खाली घट्ट आणि वर जाताना सैल. उजवा हात स्वतःचा स्वतःला बांधता येत नाही. ललित सकाळीच इच्छापोरला निघून जायचा. म्हणून रोज सकाळी सुषमा पलंगावर हात पुढे करून बसते आणि धुरपदाबाई खाली पाट घेऊन वेढे देते. पट्टी कशी ओढायची हे तिच्या बोटांना कुणाला शिकवावं लागलं नाही. सुषमा खिडकीबाहेर बघते. समोरच्या गॅलरीत कुणाच्या तरी साड्या वाळत असतात.

काल अर्धा हात बांधून झाल्यावर धुरपदाबाई थांबली.

"कासारणीला मीच म्हटलं, भर," ती म्हणाली. खाली बघूनच.

"मला माहितेय. मीच विचारलं होतं."

"नाही म्हणायला पाहिजे होतं मी."

सुषमाने खिडकीतून खाली पाहिलं. खाली भंगारवाला ओरडत गेला.

"तुम्ही नाही म्हटलं असतं तर मी रागावले असते," ती म्हणाली. "आणि मग भरल्याच असत्या. किंवा नसत्या भरल्या. आता कुणाला ठाऊक?"

धुरपदाबाईने डोळे पदराने पुसले आणि पट्टीचं टोक पुन्हा हातात घेतलं. कोपराशी आल्यावर विचारलं, "घट्ट होतंय का?"

"नाही. अजून ओढा."

तिने ओढलं.